एक लिटर दूध किती मिनिटांचं?

देशोदेशीच्या दुधाच्या भावांचा तक्ता समोर आला, की नजर आधी दोन टोकांकडे जाते. सगळ्यात महाग कुठे, सगळ्यात स्वस्त कुठे? आणि मनात लगेच निकालही लागून जातो: इथल्या लोकांना दूध परवडतच नसेल, तिथे मात्र चंगळ असेल. मला असे तक्ते वाचायला मनापासून आवडतात, पण त्यांतल्या बहुतेकांवर माझा भरवसा नाही. आकडे खोटे असतात असं मी म्हणत नाही. पहिल्या ओळीतलं दूध आणि शेवटच्या ओळीतलं दूध एकाच मापाचं आणि एकाच सत्त्वाचं आहे का, त्याचा सगळा दाम दुकानातच मोजला गेला का, हे तक्ता सांगत नाही. ते एकेक करून बाहेर काढलं, की भावांची रांग पुष्कळदा उलटीपालटी होते.

गॅलन, पिंट आणि शंभर किलो

सुरुवात मापापासून करू. अमेरिकेत कुटुंबासाठी दूध घ्यायचं तर बहुधा गॅलनची बाटली घेतात आणि तो गॅलन ३.७८५ लिटरचा असतो. ब्रिटनमध्ये अजूनही पिंट चालतो, ५६८ मिलिलिटरचा. तिथली चार पिंटांची बाटली २.२७ लिटरची होते. पिंट अमेरिकेतही आहे, पण तो ४७३ मिलिलिटरचा. कॅनडाच्या पूर्वेकडच्या भागात चार लिटर दूध तीन पिशव्यांत भरून विकतात. युरोपच्या बऱ्याच भागात एक लिटरचा खोका असतो.

भागाकार करून सगळं लिटरवर आणता येतं, पण तेवढ्याने काम संपत नाही. मोठ्या बाटलीत लिटरमागे प्लास्टिक कमी लागतं, भरण्याची मजुरी कमी पडते, म्हणून मोठं माप बहुधा स्वस्त पडतं. गॅलनच्या किमतीला ३.७८५ ने भागून आलेला भाव एक लिटरच्या खोक्याशेजारी ठेवला, तर आपण दोन देश ताडून पाहतोय की दोन बाटल्या, हे कळत नाही. शिवाय गॅलनभर दूध घ्यायचं तर घरात मोठा फ्रीज हवा आणि हातात एकरकमी तेवढे पैसे हवेत. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, तो छोटं माप घेतो आणि लिटरमागे जास्त मोजतो. देशाच्या सरासरीत हा माणूस कुठेच दिसत नाही.

कधीकधी माप हळूच बदलतं. जपानमध्ये २०१६ साली एका मोठ्या कंपनीने नव्या झाकणाचा खोका आणला, तेव्हा आतलं दूध १००० मिलिलिटरवरून ९०० वर आलं. नुसती 'एका खोक्याची किंमत' लिहून घेणाऱ्याला हा बदल पकडताच येणार नाही.

गोठ्याच्या बाजूला तर आणखी वेगळी मापं आहेत. युरोपात शेतकऱ्याला मिळणारा भाव १०० किलोंमागे सांगतात. अमेरिकेत तो १०० पौंडांमागे, म्हणजे ४५.३६ किलोंमागे असतो. एक लिटर दुधाचं वजन साधारण १.०३ किलो भरतं, त्यामुळे किलो आणि लिटर एकच धरले तर तीन टक्क्यांची चूक होते. ती चालवून घेता येईल. न्यूझीलंडचा भाव मात्र दुधाचा नसतोच. तिथे शेतकऱ्याला दुधातल्या घनांशाचे, म्हणजे फॅट आणि प्रथिनं मिळून होणाऱ्या वजनाचे पैसे मिळतात. अलीकडच्या हंगामांत किलोमागे आठ-दहा न्यूझीलंड डॉलरच्या घरातला आकडा वाचून कुणाला वाटेल, तिथल्या शेतकऱ्याला दुधाचे भलतेच पैसे मिळतात. पण एक किलो घनांशासाठी अकरा-बारा लिटर दूध लागतं. भागून पाहिलं, की तो भाव चारचौघांसारखाच निघतो.

त्या लिटरात आहे काय?

दुधात साधारण ८७ टक्के पाणी असतं. आपण पैसे मोजतो ते उरलेल्या १३ टक्क्यांसाठी, आणि ते १३ टक्के सगळीकडे सारखे नसतात. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे पूर्ण सायीच्या दुधात किमान ३.५ टक्के फॅट लागतं, अमेरिकेत ३.२५ टक्क्यांवर भागतं. अर्धी साय काढलेल्या युरोपीय दुधात १.५ ते १.८ टक्के फॅट असतं. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के सहज असतं. तक्त्यात मात्र या सगळ्यांचं नाव एकच असतं: दूध.

हा फरक कसा काढून टाकायचा, याचं गणित जुनं आहे आणि सोपंही. पशुपोषणात कुठलंही दूध ४ टक्के फॅटच्या दुधात बदलून मोजतात. दुधाच्या वजनाला ०.४ ने गुणायचं, त्यातल्या फॅटच्या वजनाला १५ ने गुणायचं आणि दोन्हींची बेरीज करायची. १०० किलो दुधात ६ टक्के फॅट असेल, तर ४० अधिक ९० म्हणजे १३०. फॅट ३ टक्के असेल, तर ४० अधिक ४५ म्हणजे ८५. दोन्हीकडे लिटरचा भाव सारखा असला, तरी पहिल्या ठिकाणी त्याच पैशांत दीडपट ऊर्जेचं दूध मिळतं. जर्मनीतल्या कील शहरात आयएफसीएन नावाची संस्था जगभरच्या दूध उत्पादनाची तुलना करते. तीही आधी सगळं दूध ४ टक्के फॅट आणि ३.३ टक्के प्रथिनं या एकाच पट्टीवर आणते. दुकानातल्या किमतींच्या तक्त्यांत एवढी काळजी मला क्वचितच दिसली आहे.

दूध ताजं की टिकाऊ, हेही पाहावं लागतं. १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवून निर्जंतुक खोक्यात भरलेलं दूध फ्रीजशिवाय महिनोन्‌महिने टिकतं. फ्रान्स आणि स्पेनमध्ये प्यायचं बहुतेक दूध याच जातीचं असतं. ते लांबून, साध्या ट्रकमधून, सवडीने आणता येतं आणि दुकानदाराला नासण्याची धास्ती नसते. ब्रिटनमध्ये लोक मुख्यतः ताजं दूध घेतात, म्हणजे गोठ्यापासून दुकानापर्यंत थंडाव्याची साखळी एकदाही तुटून चालत नाही. तेव्हा फ्रान्स आणि ब्रिटनच्या भावांतल्या फरकात देशाचा वाटा किती आणि तापवण्याच्या पद्धतीचा किती, हे वेगळं काढावं लागतं.

पश्चिम आफ्रिकेत हा प्रश्न जास्त टोकदार होतो. तिथे युरोपातून येणाऱ्या भुकटीत साय काढलेल्या दुधाच्या भुकटीला वनस्पती तेल मिसळलेला एक प्रकार मोठ्या प्रमाणात असतो. लोण्याची महाग चरबी काढून घेतली जाते आणि तिच्या जागी स्वस्त तेल येतं. त्या भागातल्या देशांच्या सामायिक जकात दरात मोठ्या पोत्यांतून येणाऱ्या दूध भुकटीवर शुल्क अवघं पाच टक्के आहे. अशा स्वस्ताईशी स्थानिक पशुपालकाच्या ताज्या दुधाने टक्कर द्यायची, आणि तक्त्यात दोघांनाही एकाच रकान्यात बसवायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

विश्वासालाही किंमत असते. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन नावाचं औद्योगिक रसायन मिसळल्याचं उघड झालं. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली. त्यानंतर चिनी आईबाप बाळांच्या परदेशी दूध भुकटीच्या डब्यांसाठी कितीतरी जास्त पैसे मोजू लागले. हाँगकाँगमधून तर ही भुकटी इतकी बाहेर जाऊ लागली, की १ मार्च २०१३ पासून एका माणसाला १.८ किलोंपेक्षा जास्त नेण्यास मनाई झाली. त्या वर्षांतल्या चिनी भावात भीतीचाही हिस्सा होता आणि तो भरण्यावाचून त्या आईबापांना गत्यंतर नव्हतं.

गाय थांबत नाही, दूधही थांबत नाही

तांदूळ गोदामात ठेवून भाव चढण्याची वाट बघता येते. दुधाचं तसं नाही. गाय रोज दोनदा पिळावीच लागते, आणि निघालेलं दूध लवकर थंड केलं नाही तर काही तासांत बिघडायला लागतं. त्यात बहुतांश पाणी, म्हणजे वाहून न्यायला जड. म्हणून जगात तयार होणाऱ्या दुधापैकी दहा टक्क्यांहूनही कमी दूध देशाच्या सीमा ओलांडतं, आणि तेही मुख्यतः भुकटी, लोणी, चीज या रूपांत, पाणी मागे ठेवून. एक किलो पूर्ण सायीच्या भुकटीत साधारण आठ लिटर दूध आटलेलं असतं.

यामुळे दुधाला दोन भाव असतात, ही गोष्ट एकदा नीट समजली की पुढचं बरंच उलगडतं. एक जगाचा भाव. भुकटीचा आणि लोण्याचा, मोठ्या लिलावात ठरणारा; ग्लोबल डेअरी ट्रेड नावाचा असा लिलाव २००८ पासून चालतो आणि त्याचे आकडे सगळ्या जगातले व्यापारी बघत असतात. दुसरा त्या त्या ठिकाणचा भाव. ताज्या दुधाचा, जवळच्या गोठ्यांवर, रस्त्यांवर, तिथल्या नियमांवर ठरणारा. न्यूझीलंड आपलं ९५ टक्क्यांच्या आसपास दूध निर्यात करतं, म्हणून तिथल्या माणसाला स्वयंपाकघरातल्या दुधासाठीही जगाच्या भावाशी स्पर्धा करावी लागते. गाई दाराशी चरत असूनही दूध तिथे स्वस्त नाही, याचं नवल करणारे लोक मी पाहिले आहेत. पण ज्या दुधाची भुकटी करून दूरच्या देशात चांगला भाव मिळतो, ते दूध घरच्याला कमी भावात कोण देईल?

चाऱ्याची गोष्ट थोडक्यात. दुधाच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा खाण्याचा असतो, म्हणून पावसावर भरपूर गवत उगवणाऱ्या न्यूझीलंडसारख्या किंवा आयर्लंडसारख्या देशांत दूध कमी खर्चात निघतं. पण तिथल्या गाई बहुतेक एकाच वेळी वितात आणि हिवाळ्यात एकाच वेळी भाकड असतात. पुरवठा वर्षभर सारखा हवा, तर हिवाळ्यातल्या दुधाला जादा भाव द्यावा लागतो. तुलना कुठल्या महिन्यातली आहे, हेही म्हणून विचारावं.

अंतराचं सगळ्यात कठोर रूप कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशात दिसतं. तिथल्या वस्त्यांना दक्षिणेशी जोडणारा रस्ताच नाही. माल विमानाने येतो, किंवा उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर जहाजाने. ताजं दूध जहाजाची वाट बघत राहू शकत नाही, तेव्हा विमानभाडं त्याच्या किमतीत चढतं. २०११ पासून सरकार एका योजनेतून या वाहतुकीला अनुदान देतं, तरीही तिथली आई दक्षिणेतल्या शहरांतल्या आईपेक्षा बरंच जास्त मोजते. 'कॅनडातला दुधाचा सरासरी भाव' सांगणाऱ्या आकड्यात ती विरून जाते.

कतारची गोष्ट उलट दिशेने हेच सांगते. जून २०१७ पर्यंत तिथलं बहुतेक दूध शेजारच्या सौदी अरेबियातून ट्रकने यायचं. एका दिवसात सीमा बंद झाली. काही आठवड्यांत गाई विमानात घालून आणल्या गेल्या. पहिल्या खेपेत १६५ होत्या. वाळवंटात, थंड हवेच्या गोठ्यांत उभं राहिलेलं ते दूध किती पैशांचं, हा हिशेब दुकानातल्या पाटीवरून करता येणार नाही. दूध मिळत राहणं हीच तेव्हा त्या देशासाठी मोलाची गोष्ट होती.

भाव दोनदा भरला जातो

आता सगळ्यात गुंतागुंतीच्या भागाकडे येऊ. दूध रोज निघतं, नासतं आणि मुलांना लागतं. या तिन्हींमुळे सरकारं दुधाला बाजाराच्या हवाली करायला कचरतात. प्रत्येक देशाने आपापली तोड काढली आणि त्यामुळेच भाव एकमेकांसारखे राहिले नाहीत.

अमेरिकेचा मूळ कायदा १९३७ चा आहे. त्यानुसार दुधाचा वापर कशासाठी झाला, यावरून त्याचे चार वर्ग पडतात. प्यायचं दूध पहिल्या वर्गात, दही-आइस्क्रीम दुसऱ्यात, चीज तिसऱ्यात, लोणी आणि भुकटी चौथ्यात. पहिल्या वर्गासाठी डेअरीला किमान दर भरावा लागतो आणि त्यात जागेनुसार भर पडते. ही भर उत्तरेकडच्या दुधाळ पट्ट्यात सगळ्यात कमी आणि फ्लोरिडाकडे सगळ्यात जास्त. विस्कॉन्सिनमधल्या ओ क्लेअर गावापासून जितकं लांब जावं तितका दर चढतो, असंच तिथले दूधवाले वर्षानुवर्षं सांगत आले. त्या भागातल्या सगळ्या वर्गांचे पैसे मग एकत्र करून शेतकऱ्यांना सरासरी दराने वाटले जातात. पेनसिल्व्हेनिया राज्य तर याच्याही पुढे जातं: दुकानात दूध किमान किती किमतीला विकायचं, हे तिथे सरकारी मंडळ ठरवतं. एकाच देशात, एकाच दिवशी, राज्याची हद्द ओलांडली की भाव बदलतो.

कॅनडाने वेगळी वाट धरली. किती दूध काढायचं हेच तिथे ठरवून दिलेलं असतं आणि शेतकऱ्याचा दर उत्पादन खर्चाकडे बघून ठरतो. बाहेरचं दूध आत येऊ नये म्हणून ठरावीक मर्यादेपलीकडच्या आयातीवर २४१ टक्के शुल्क आहे. शेतकऱ्याला स्थिर भाव मिळतो. गिऱ्हाईक दुकानात जास्त मोजतं. या व्यवस्थेत दूध विकण्याचा हक्कच एक वस्तू झाला आहे. ओंटारियो प्रांतात रोजच्या एक किलो फॅटमागे या हक्काची किंमत २४,००० डॉलरवर रोखून धरली आहे, आणि एक चांगली गाय दिवसाला साधारण तेवढं किंवा थोडं जास्त फॅट देते. म्हणजे नव्याने धंद्यात येणाऱ्या तरुणाला गाय विकत घ्यायची आणि वर तिचं दूध विकण्याच्या परवानगीचे गाईच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे द्यायचे.

सीमेच्या दोन बाजूंच्या पाट्या पाहून लोक म्हणतात, अमेरिकेत दूध स्वस्त आणि कॅनडात महाग. अर्धंच खरं आहे हे. अमेरिकी शेतकऱ्याच्या मागे सरकारी विमा आणि आधार योजना उभ्या आहेत, युरोपातल्या शेतकऱ्याला जमिनीच्या हेक्टरांवर अनुदान मिळतं, आणि हे पैसे करातून येतात. तिथला माणूस दुधाचा काही भाव दुकानात भरतो आणि काही भाव कर भरताना. कॅनडाचा माणूस जवळजवळ सगळा दुकानात भरतो. पहिल्या पद्धतीत दूध न पिणाराही दुधाचे पैसे देतो. दुसऱ्यात मुलाबाळांच्या गरीब घरावर ओझं जास्त पडतं. माझं मत विचाराल तर मुलांच्या दुधाचा भार सगळ्यांनी करातून उचलावा, हे मला जास्त न्याय्य वाटतं. ब्रिटनने १९४६ च्या कायद्याने शाळेतल्या प्रत्येक मुलाला रोज एक तृतीयांश पिंट दूध फुकट दिलं होतं, आणि सात वर्षांवरच्या मुलांचं ते १९७१ साली बंद केलं. भावाच्या कुठल्याही तक्त्यात त्या दुधाची नोंद नाही.

काही किंमत तर कुणीच भरलेली नसते. ती पुढच्या पिढीवर ढकललेली असते. सौदी अरेबियात जमिनीच्या पोटातलं, पुन्हा न भरून येणारं पाणी उपसून चारा पिकवला गेला आणि त्यावर दुधाचा मोठा धंदा उभा राहिला. पाणी खाली जायला लागलं आणि पुढे सरकारने हिरव्या चाऱ्याच्या लागवडीवर बंधनंही आणली. त्याआधीच तिथल्या सगळ्यात मोठ्या दूध कंपनीने २०११ साली अर्जेंटिनात आणि २०१४ साली अमेरिकेतल्या ॲरिझोनात जमीन घेतली. आज ॲरिझोनासारख्या कोरड्या राज्याच्या भूजलावर त्यावरून वाद आहे.

करांचा मुद्दा साधा आहे, पण विसरला जातो. डेन्मार्कमध्ये दुधावरही २५ टक्के मूल्यवर्धित कर आहे, न्यूझीलंडमध्ये १५ टक्के. ब्रिटनमध्ये शून्य, ऑस्ट्रेलियात ताज्या दुधावर शून्य. डेन्मार्कच्या पाटीवरचा पाचवा हिस्सा कराचा असतो, त्याचा गाईशी संबंध नाही.

डॉलर सोडा, घड्याळ घ्या

आतापर्यंत सगळं एका लिटरवर, एका सत्त्वावर आणलं, कर बाजूला काढले असं धरू. तरी मोठा प्रश्न उरतोच: दोन चलनं एकमेकांशी कशी मोजायची? बहुतेक तक्ते त्या दिवसाच्या विनिमय दराने सगळं डॉलरमध्ये करून टाकतात. त्यात एक धोका उघड आहे. एखाद्या देशाचं चलन महिन्याभरात वीस टक्क्यांनी घसरलं, तर तक्त्यात तिथलं दूध स्वस्त झालेलं दिसतं, आणि तिथे राहणाऱ्याने मोजलेले पैसे तेवढेच असतात.

दुसरा धोका खोलवरचा आहे. गरीब देशांत वस्तू डॉलरमध्ये स्वस्त का दिसतात, याचं एक उत्तर बेला बलासा आणि पॉल सॅम्युएल्सन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६४ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे दिलं. केस कापणं निर्यात होत नाही. त्यामुळे ते तिथल्या मजुरीवर ठरतं, आणि मजुरी कमी असली की तेही स्वस्त. गहू, तेल यांसारख्या वस्तू जगभर फिरतात, त्यांचा भाव सगळीकडे जवळपास सारखा. दूध या दोन्हींच्या मधोमध आहे. दूध काढणारे हात, ट्रकचा चालक, दुकानाचं भाडं हे सगळं स्थानिक. पण मका, सोयापेंड, डिझेल, डेअरीतली यंत्रं, भुकटी हे सगळं जगाच्या भावाचं. म्हणून कमी मजुरीच्या देशात दूध डॉलरमध्ये थोडं स्वस्त होतं, पण मजुरी ज्या प्रमाणात कमी असते त्या प्रमाणात नाही. त्या फटीत तिथला मजूर सापडतो.

याला उत्तर म्हणून क्रयशक्तीच्या, म्हणजे हातातल्या पैशांत प्रत्यक्ष किती वस्तू येतात याच्या, तुलना निघाल्या. स्वीडिश अर्थतज्ज्ञ गुस्ताव कासेलने पहिल्या महायुद्धाच्या काळात ही कल्पना मांडली आणि १९६८ पासून देशोदेशीच्या किमती एका पद्धतीने गोळा करण्याचं आंतरराष्ट्रीय काम सुरू झालं. पूर्ण अर्थव्यवस्था मापायला ते उत्तम आहे. पण एका घराला एक लिटर दूध किती जड जातं, हे कळायला मला त्याहून साधं माप जवळचं वाटतं: ते लिटर विकत घ्यायला किती वेळ राबावं लागतं?

दोन जागा कल्पनेने धरू. पहिल्या जागी लिटरला १०० नाणी पडतात आणि तासाची मजुरी २००० नाणी आहे. दुसऱ्या जागी लिटरला ५० नाणी पडतात, तासाची मजुरी १०० नाणी. नाणी दोन्हीकडे एकाच मोलाची. तक्ता सांगेल, दुसऱ्या जागी दूध निम्म्या भावात मिळतं. घड्याळ सांगेल, पहिल्या जागी लिटरभर दूध तीन मिनिटांच्या कामाचं आहे आणि दुसऱ्या जागी तीस मिनिटांच्या. 'स्वस्त' जागी दूध दहापट महाग आहे.

जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेलने १८५७ साली बेल्जियमच्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून दाखवलं होतं, की घर जितकं गरीब तितका मिळकतीतला मोठा हिस्सा खाण्यावर जातो. मिनिटांचा हिशेब हेच एका वस्तूपुरतं दाखवतो. तो करतानाही जपावं लागतं. देशाची सरासरी मजुरी घेतली, तर मूठभर श्रीमंतांमुळे ती फुगलेली असते. मधल्या माणसाची मिळकत घ्यावी, आणि ती कर कापून हातात पडणारी घ्यावी. रोज काम मिळण्याची खात्री नसलेल्या माणसाची तासाची मजुरी नुसती कागदावरची असते. चार मुलांच्या घरातली तीस मिनिटं आणि एकट्या माणसाची तीस मिनिटं यांतही फरक आहे. एवढं सगळं सांभाळूनही हे माप थेट माणसापाशी जाऊन पोचतं, म्हणून मी त्यावर अडून बसतो.

पाटीमागचा माणूस

घड्याळ विकत घेणाऱ्याकडून मोजतं. विकणाऱ्याच्या बाजूनेही एकदा बघायला हवं, कारण दुकानातला भाव आणि गोठ्यातला भाव एकमेकांना घट्ट बांधलेले नाहीत. अमेरिकेत ताज्या दुधाच्या किमतीतला साधारण निम्मा हिस्सा शेतकऱ्यापर्यंत जातो. बाकी डेअरी, वाहतूक, दुकान.

दुकानांना दूध हे गिऱ्हाईक खेचायचं साधन म्हणूनही उपयोगी पडतं. दूध वारंवार लागतं आणि त्याचा भाव सगळ्यांच्या लक्षात असतो. २६ जानेवारी २०११ रोजी ऑस्ट्रेलियातल्या कोल्स या दुकानांच्या साखळीने आपल्या नावाच्या दुधाचा भाव लिटरला एक डॉलरवर आणला आणि इतर साखळ्यांनीही तेच केलं. तो एक डॉलर आठ वर्षं जागचा हलला नाही. चाऱ्याचे भाव वाढले, विजेचे वाढले, दुष्काळ पडला, पाटी तीच. फेब्रुवारी २०१९ मध्ये वूलवर्थ्‌सने आधी आणि मग इतरांनी लिटरमागे दहा सेंट वाढवले. त्या आठ वर्षांतला कुठलाही तक्ता काढा, ऑस्ट्रेलिया त्यात दुधाच्या स्वस्ताईचं उदाहरण म्हणून दिसेल. त्याच वर्षांत तिथल्या अनेक कुटुंबांनी गोठे बंद केले.

युरोपात ३१ मार्च २०१५ ला दुधाच्या उत्पादनावरची १९८४ पासूनची मर्यादा उठली. रशियाने आदल्या वर्षीच युरोपीय मालावर बंदी घातली होती, चीनची मागणी मंदावली होती, आणि नेमकं तेव्हा दूध वाढलं. २०१६ च्या उन्हाळ्यात शेतकऱ्याचा सरासरी दर किलोला ३० युरो सेंटच्याही खाली गेला. दुकानातला भाव मात्र त्या प्रमाणात उतरला नाही. भावांची ही सवय बऱ्याच देशांत दिसते: चढताना पळत चढतात, उतरताना रांगत उतरतात.

त्याच वर्षी फ्रान्समध्ये एक प्रयोग झाला, तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. लोकांसमोर प्रश्नावली ठेवली गेली. गाई कुरणात चराव्यात का, चारा कुठला असावा, शेतकऱ्याला किती मिळावं? प्रत्येक उत्तरासमोर त्याने भाव किती सेंटने वाढेल, ते लिहिलेलं होतं. लोकांनी निवडलेल्या उत्तरांची बेरीज लिटरला ९९ सेंट झाली, आणि त्यातले ३९ सेंट शेतकऱ्याचे. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'मालक कोण?' अशा अर्थाच्या फ्रेंच नावाने ते खोके दुकानांत आले. शेजारच्या फळीवर त्याहून स्वस्त दूध होतं, तरी लोकांनी हे उचललं, आणि पुढे त्याच नावाने इतर वस्तूही निघाल्या.